खोका कुणी बांधला?

मुंबईतल्या घरात पंचवीस डिसेंबरच्या सकाळी जे खेळणं उघडलं जातं, त्यानं बऱ्याचदा भिवंडी तालुक्यातल्या कुठल्या तरी पत्र्याच्या छपराखाली मुक्काम केलेला असतो. याचं मूळ जकातीत आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की मुलुंड, दहिसर, ऐरोली, वाशी किंवा मानखुर्दच्या नाक्यावर पैसे मोजावे लागत. हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या जमिनीवर माल उतरवून ठेवला आणि खपेल तसतसा आत नेला, तर व्यापाऱ्याचा पैसा अडकून पडत नसे. म्हणून काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली या गावांतली आगऱ्यांची भातशेती भरावाखाली गेली आणि तिच्यावर गोदामं उभी राहिली. अ‍ॅमेझॉननं जून २०१३ मध्ये भारतात दुकान थाटलं, तेव्हा त्याचं पहिलं मोठं कोठार भिवंडीतच होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत. राज्याराज्यांत वेगळा साठा ठेवायची गरज संपल्यावर कंपन्यांना मोजकी पण अवाढव्य कोठारं हवी झाली. न्हावाशेवा बंदर, नाशिक महामार्ग आणि मुंबई हाताशी असलेली भिवंडी त्यांना सोयीची होती.

मी काल्हेरला राहते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून एका बाजूला खाडी दिसते, दुसऱ्या बाजूला पत्रेच पत्रे. दिवाळी अंकाचा हा मजकूर तुम्ही वाचत असाल तेव्हा त्या पत्र्यांखाली दिवाळीचा हंगाम ओसरून नाताळचा चढू लागलेला असेल. पॅकिंगवरच्या बायांना सण जवळ आल्याचं कॅलेंडर बघून कळावं लागत नाही. राख्यांची पाकिटं थांबली की मखराचं सामान येतं, मग दिव्यांच्या माळा, मग लाल टोप्या, चांदण्या, प्लॅस्टिकची सूचिपर्णी झाडं आणि खेळणी. सकाळी मानकोली नाक्यावर पहिल्या पाळीच्या गाड्या येतात. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या पोरी, डब्याच्या पिशव्या सांभाळणाऱ्या बाया, आजूबाजूच्या गावांतली आणि पाड्यांवरची मुलं, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले तरुण उतरतात आणि फाटकांतून आत जातात. पुढचे आठ-नऊ तास स्कॅनर, टेप आणि टार्गेट. यांतली बहुतेक माणसं कंपनीच्या पटावर नसतात, ठेकेदाराच्या वहीत असतात.

सांताक्लॉजची गोष्ट मुलांना सांगायची की नाही, हा प्रश्न म्हणूनच मला पुण्या-मुंबईतल्या मैत्रिणींपेक्षा वेगळा पडतो. ती गोष्ट एका गुपितावर उभी आहे. भेट कुठून आली, कुणी केली, कुणी बांधली हे मुलाला कळू द्यायचं नाही. उत्तर ध्रुवावर कारखाना आहे, तिथं बुटके मदतनीस राबतात, आणि एक हसरा म्हातारा रात्रीत सगळं पोचवतो. भिवंडीत हे गुपित टिकत नाही. माझ्या लेकीच्या वर्गात अशी मुलं आहेत, ज्यांची आई वळच्या गोदामात पॅकिंगला जाते आणि बाप टेम्पो चालवतो. खेळणं कुठून येतं हे त्या मुलांना नेमकं ठाऊक असतं. ते आपल्या घरी येत नाही, एवढंही ठाऊक असतं.

मूळ गोष्ट फार वेगळी होती आणि ती मला मनापासून आवडते. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचे बिशप होते. गावातल्या एका बापाचं दिवाळं निघालं होतं आणि घरात तीन मुली होत्या. हुंडा नाही म्हणून लग्न नाही, आणि लग्न नाही म्हणून त्यांना विकण्याची वेळ आलेली. निकोलस रात्रीचे गेले आणि खिडकीतून सोन्याची थैली आत टाकून निघून आले. असं त्यांनी तीनदा केलं. तिसऱ्या वेळी बापानं पाळत ठेवून त्यांना गाठलं, तेव्हा हे कुणाला सांगू नकोस अशी शपथ त्यांनी त्याला घातली. हुंड्यापायी गळफास घेतलेले बाप आणि जाळलेल्या मुली ज्या समाजानं पाहिल्या, त्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. तिच्यातल्या अंधाराला कारण होतं. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून देणारा लपला होता.

पुढं त्या अंधाराचा अर्थ बदलत गेला. १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्रात आलेल्या कवितेनं निकोलसला गुबगुबीत केलं आणि आठ हरणांच्या गाडीत बसवलं. १८६० च्या दशकात थॉमस नास्ट या व्यंगचित्रकारानं त्याला उत्तर ध्रुवावरचं घर, कारखाना आणि मुलांच्या वागणुकीची वही दिली. १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी हॅडन संडब्लोमनं जो लाल-पांढरा आजोबा रंगवला, तो आता जगभर ठरून गेला आहे. या प्रवासात त्या गरीब बापाचं घर हरवलं आणि वागणुकीची वही तेवढी उरली.

मला सगळ्यात जास्त छळते ती ही वही. शहाण्यासारखं वागलास तर सांता देईल, हे वाक्य आपण सहज बोलून जातो. मग ज्याला काहीच मिळालं नाही त्या मुलानं काय समजायचं? सुट्टीनंतर शाळा उघडते. एक मूल रिमोटच्या गाडीबद्दल सांगतं, दुसरं स्केटबोर्डबद्दल, आणि तिसरं गप्प असतं. हप्ते थकलेत म्हणून आपल्याला काही मिळालं नाही, हे सात वर्षांच्या मुलाला समजू शकतं आणि ते सोसण्याजोगं असतं. आपण वाईट आहोत म्हणून मिळालं नाही असं त्याच्या मनात बसलं, तर ते कुणी काढायचं? सांताच्या नावावर महागडी भेट देऊ नये, महागडी भेट आईबापांच्या नावानं द्यावी, या मतावर मी आता ठाम आहे.

आमच्या घरात या विषयावर एकमत नाही. सासूबाईंना झाड, चांदणी, टोपी काहीच नको असतं. हा आपला सण नाही, दिवाळीत काय कमी झालं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या धाकट्या दिराचं म्हणणं असं की मुलांना मजा हवी, सण कुणाचा ते कशाला बघायचं. मला दोघांचंही थोडं पटतं. दिवाळीचे कपडे, फराळ आणि किल्ला होऊन पुरते दोन महिने होत नाहीत तोच पुन्हा याद्या सुरू होतात, तेव्हा माझाही जीव विटतो. पण ‘आपला सण नाही’ या शब्दांशी मी अडखळते, आणि त्याला दोन कारणं आहेत. दोन्ही इथलीच आहेत.

भिवंडी रोड स्थानकातून वसईची गाडी पकडली, की खारबाव आणि कामण रोड मागे टाकत ती वसई रोडला पोचते. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली, मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. मधल्या दोन शतकांत धर्म बदललेली माणसं त्याच वाड्यांत, त्याच केळी-पानवेलींच्या बागांत राहिली आणि मराठीच बोलत राहिली. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ आणि कोळी घरांत नाताळ मराठीतच साजरा होतो. त्याच परंपरेतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुवार्ता’ मासिकाचे माजी संपादक, जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याआधी चारशे वर्षं फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचलं होतं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. एवढं सगळं आपल्या भाषेत घडलं असताना नाताळ परका कसा म्हणायचा?

त्या नाताळाच्या मध्यभागी गव्हाण आहे. माती, पेंढा, गवत, गायी-मेंढ्या, आणि मध्यरात्री ठेवलेलं बाळ. गोव्यात गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून आधीपासून नाचणी पेरून तिचे कोंब वाढवतात. आमच्याकडे किल्ल्यावर अळीव आणि मोहरी पेरतात ती याच हौसेनं. गोडाधोडाचं ताट शेजारी जातं. गोव्याच्या ताटात दोदोल, बिबिंक, कुलकुल यांच्यासोबत नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्याच. या सणाची जुनी भेट ही शेजाऱ्याला दिलेली खाण्याची भेट आहे. मुलांच्या उशाशी ठेवलेला खोका फार नंतरचा. तो गव्हाणीला झाकून टाकतो, ही तक्रार श्रद्धाळू ख्रिस्ती माणसं कितीतरी वर्षं करत आली आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या कर्मठ प्युरिटनांनी तर १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला होता. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. नाताळाबद्दल मन दुभंगणं ख्रिस्ती जगातच जुनं आहे. आपण त्यात उशिरा सामील झालो.

दुसरं कारण भिवंडी गावाचं स्वतःचं आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे गाव होरपळलं. सण कुणाचा, मिरवणूक कुठून, हा प्रश्न इथं जिवावर बेतलेला आहे. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. वस्तीतल्या दोन्ही समाजांच्या साध्या माणसांना त्यांनी एका सतरंजीवर बसवलं, त्यांच्या नळ-गटारांच्या तक्रारींपासून सुरुवात केली आणि हळूहळू एकमेकांची भीती कमी केली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. अशा गावात मुलीला ‘तो त्यांचा सण’ असं सांगताना माझी जीभ जड होते. सासूबाईंना मी हे सांगितलं. त्या तेव्हा भिवंडीतच होत्या. त्यानंतर त्या झाडाला नाही म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या असंही नाही.

मुलांना द्यायच्या इथल्या रीतीही बघण्यासारख्या आहेत. ईदच्या सकाळी कोऱ्या नोटांची ईदी मिळते. नोट छोटी असो की मोठी, ती थोरल्यांच्या हातून, सलाम झाल्यावर, समोरासमोर मिळते. देणारा दिसतो. मूल ती मुठीत धरून खेळण्यांच्या गाड्यांकडे धावतं आणि काय घ्यायचं ते स्वतः ठरवतं. आणि आपलं बोरनहाण! संक्रांतीनंतर लहानग्याला पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा आणि हल्ली गोळ्या-चॉकलेटं ओततात, आणि भोवतीची सगळी मुलं ती लुटतात. ज्याचा सोहळा त्याच्याच वाट्याला कमी येतं. कुठल्याही वस्तूवर कुणाचं नाव नसतं आणि कुणी चांगलं वागल्याचा हिशेब नसतो. मुलांना देण्याची याहून उमदी पद्धत मला माहीत नाही. आता तिथंही प्रत्येकाच्या नावाची ‘रिटर्न गिफ्ट’ आली, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

निवडायचं काय, हा प्रश्न मात्र उरतोच. जोएल वाल्डफोगल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं होतं की मिळालेल्या भेटीसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते. उत्तरांवरून त्यानं काढलं की भेटींच्या किमतीतला एक दशांश ते एक तृतीयांश भाग वाया जातो. अर्थशास्त्राला प्रेम मोजता येत नाही हे खरं, पण पलंगाखाली धूळ खात पडलेली खेळणी त्या आकड्याची साक्ष देतात. टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना कधी चार, कधी सोळा खेळणी देऊन पाहिलं. चार असताना मुलं प्रत्येक खेळण्यापाशी जास्त वेळ रमली आणि त्याचे जास्त प्रकारे उपयोग केले. हा अभ्यास २०१८ चा आहे. घरच्या आज्यांना हे विद्यापीठाशिवाय ठाऊक होतं, तरी त्याच आज्या नातवंडांसाठी पाचवं खेळणं आणतात.

बाजारात एक गोष्ट मी न चुकता बघते: आयएसआयची खूण. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे. तीक्ष्ण कडा, सुटणारे बारीक भाग, रंगातलं शिसं हे सगळं त्यात तपासलं जातं. आयात खेळण्यांवरचा कर २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाला आणि २०२३ मध्ये ७० टक्के. तरीही रस्त्यावरच्या ढिगांत बिनखुणेची खेळणी सापडतात आणि स्वस्त म्हणून तीच गरिबाच्या घरी जातात. सावंतवाडीची लाकडी फळं, भातुकली आणि बैलगाड्या मला यापेक्षा केव्हाही प्रिय, पण त्या इथं सहज मिळत नाहीत.

आणि अरविंद गुप्ता आहेत. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस पुण्याच्या टेल्कोतली नोकरी सोडून मुलांमध्ये गेला. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगकाड्या यांतून त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुढं पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात कचऱ्यातून शेकडो खेळणी केली, आणि ती कशी करायची ते जगाला फुकट देऊन टाकलं. भिवंडीत असल्या सामानाला तोटा नाही. यंत्रमागाच्या गल्ल्यांतून चाललं की खटखट कानात बसते आणि दारांशी रिकाम्या कांड्या, सुताचे कोन, चिंध्या पडलेल्या दिसतात. बाप मीटरवर मजुरी घेत मागापाशी उभा असतो आणि पोरं त्या कांड्यांचे बुरूज रचत असतात. गरिबीला मी सजवू इच्छित नाही. त्या पोरांना रिमोटची गाडी मिळाली तर ती आनंदानं नाचतील, आणि त्यांनी नाचावंच. माझं म्हणणं एवढंच, की ज्या भेटीत मोठ्या माणसाचा वेळही येतो ती पलंगाखाली जात नाही. आमच्याकडे गेल्या नाताळात सगळ्यांत जास्त खेळलं गेलं ते पुठ्ठ्याचं गोदाम. लेकीनं आणि तिच्या काकानं जुन्या खोक्यांचं केलेलं, त्याला दोन दारं आणि एक घसरगुंडी, मालासाठी.

तालुक्यात आणखी एक डिसेंबर असतो. दिवाळी संपली की कातकरी कुटुंबं पाड्यांवरून वीटभट्ट्यांवर उतरतात. आधी घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको दोघं राबतात आणि मुलं भट्टीशेजारच्या झोपडीत, म्हणजे भोंग्यात, राहतात. त्यांची शाळा सुटते. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेनं या मुलांसाठी भट्टीवरच ‘भोंगा शाळा’ चालवल्या. मुलं जिथं आहेत तिथं शाळा गेली. ठाणे जिल्ह्यातल्या मुलांना मिळालेल्या भेटींत मी ही भेट फार वरची मानते.

नाताळच्या सुमारास अशा वस्त्यांवर गाड्याही येतात. लाल टोप्या घातलेले तरुण उतरतात, मुलांना रांगेत बसवतात, खेळणी वाटतात. त्यांचा हेतू चांगला असतो. यावर नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. मुलांचे चेहरे खुलतात ते खोटे नसतात. पण शेवटी प्रत्येक मुलाला खेळणं छातीशी धरून उभं करतात आणि त्याचा फोटो काढतात, तेव्हा मला निकोलसनं त्या बापाला घातलेली शपथ आठवते. जाणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. फोटो काढू नका. आणि जाण्याआधी शिक्षिकेला विचारा की काय हवंय. ती कदाचित चपला सांगेल, गोष्टींची पुस्तकं सांगेल, ‘किशोर’ची वर्गणी सांगेल. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि आजही परवडणाऱ्या किमतीत मिळतं.

पुस्तकांवरून आठवलं, चोवीस डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस. १८९९ साली पालगडला जन्मलेला हा माणूस पोरांसाठी लिहीत राहिला, नाशिकच्या तुरुंगातही. आमच्या घरी आता भेट चोवीसलाच, संध्याकाळी, सगळ्यांसमोर दिली जाते. एक पुस्तक, आणि एक खेळणं जे कुणीतरी सोबत बसून खेळायचं. कुणी दिलं ते सांगून देतो. लेकीनं मागच्या वर्षी विचारलं, खोका कुणी बांधला? मी तिला तिच्याच वर्गातल्या मैत्रिणीच्या आईचं काम समजावून सांगितलं. तिनं लगेच पुढचं विचारलं, मग ती कामावर असते तेव्हा तिच्या छोट्या बाळाला कोण बघतं?

त्याचं उत्तर कायद्यात आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊन येण्याची मुभाही मिळाली. सणाच्या हंगामात मानकोलीच्या एकेका फाटकातून पन्नासाहून कितीतरी जास्त माणसं आत जाताना मी बघते. बाळाला कडेवर घेऊन आत जाणारी आई मला तिथं अजून दिसलेली नाही. बाळं पाड्यावरच्या आजीकडे, शेजारणीकडे, नाहीतर दहा वर्षांच्या ताईकडे असतात, आणि ती ताई त्या दिवशी शाळेत नसते. ठेकेदाराच्या वहीतली बाई कंपनीची कर्मचारी की ठेकेदाराची, या वादात पाळणाघर कुणी काढायचं हे लोंबकळत राहतं. ग्रामपंचायतींना या गोदामांकडून कर मिळतो. काल्हेर, वळ, पूर्णा, मानकोली या चार पंचायतींनी ठरवलं, कंपन्यांकडून वाटा घेतला, तर नाक्याजवळ एक सामाईक पाळणाघर चालू शकतं: सकाळच्या पाळीआधी उघडणारं आणि दुसरी पाळी सुटेपर्यंत उघडं राहणारं. आमच्या सोसायटीतल्या काही जणींनी तसा अर्ज लिहायला घेतला आहे. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत तो मांडायचा आहे, आणि लेकीच्या मैत्रिणीच्या आईनं त्यात सगळ्यांत वर एक अट घालायला सांगितली आहे, रविवारीही उघडं हवं.